पळून सुटलेले हरीण का दगावते?

चाकणहून शिक्रापूर, न्हावरे करत चौफुल्याकडे जाणारा रस्ता पूर्वेला सरकतो, तसा पाऊस कमी होत जातो. भीमाशंकरच्या डोंगरावर पावसाळ्यात ढग हटत नाहीत. त्याच डोंगरात उगम पावलेली भीमा बारामती-इंदापूरच्या बाजूला पोहोचते, तेव्हा वर्षाचा पाऊस साधारण ५०० मिलिमीटरवर आलेला असतो. एवढ्या पावसावर घनदाट जंगल उभे राहत नाही. कुसळी-पवन्याचे गवत, विखुरलेल्या बाभळी, बोरी आणि वर मोकळे आभाळ, असा माळ तयार होतो. पुणे जिल्ह्यातल्या या माळावर चिंकारा राहतो. त्याच्यासाठीच बारामती तालुक्यात सुप्याजवळ १९९७ मध्ये मयूरेश्वर अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर. चिंकाऱ्याला अभयारण्याची हद्द कळत नाही, त्यामुळे तो आजूबाजूच्या शेतांत, पडांत, गायरानांतही दिसतो.

उन्हाळ्यात या पट्ट्यात एक प्रसंग पुन्हा पुन्हा घडतो. पाण्याच्या शोधात वस्तीजवळ आलेल्या चिंकाऱ्यामागे कुत्री लागतात. माणसे धावतात, कुत्र्यांना हुसकावतात, हरीण पकडून सुरक्षित ठेवतात. अंगावर दात उमटलेले नसतात, हाड मोडलेले नसते. सगळ्यांना हायसे वाटते. काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी ते हरीण मान टाकते. ‘घाबरून मेले’ असे म्हणून विषय संपतो.

ते घाबरलेले असते हे खरे, पण एवढ्याने उलगडा होत नाही. त्याच्या स्नायूंत, रक्तात आणि मूत्रपिंडात नेमके काय घडले, हे पशुवैद्यकाला ठाऊक आहे. त्या विकाराचे भावंड माणसातही आढळते. ते समजून घ्यायचे तर आधी हे प्राणी पळतात कसे आणि कशासाठी, हे पाहावे लागते.

पळण्यासाठीच घडलेले शरीर

मोकळ्या रानात लपायला जागा नसते. तिथे जगण्याचे दोनच उपाय: लांबून पाहणे आणि वेगाने पळणे. चिंकारा आणि काळवीट यांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात आणि बाहुली आडवी असते. त्यामुळे मान न वळवता क्षितिजाचा बराच मोठा पट्टा एकाच वेळी नजरेत राहतो. पायांचे जड स्नायू वर, धडाजवळ असतात; खाली राहतात त्या बारीक हाडे, ताणले जाणारे कंडरे आणि छोटे खूर. हलका पाय कमी ताकदीत पुढे फेकता येतो. काळविटाचा वेग ताशी ८० किलोमीटरच्या आसपास सांगितला जातो.

या पळण्याचा सर्वांत बारकाईने अभ्यास झाला तो उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातल्या प्राँगहॉर्नचा. दिसायला तो कुरंगासारखा, म्हणजे आपल्या काळवीट-चिंकाऱ्याच्या जातकुळीचा वाटतो. पण त्याचे कूळ वेगळे आहे. आज जिवंत असलेल्या प्राण्यांत त्याचे जवळचे नातेवाईक जिराफ आणि ओकापी आहेत. काळविटाची शिंगे जन्मभर टिकतात, प्राँगहॉर्न मात्र शिंगावरचे आवरण दरवर्षी टाकतो. ११ किलोमीटरचे अंतर त्याने १० मिनिटांत कापल्याची नोंद आहे. म्हणजे साधारण मोशी ते चाकण. गर्दीच्या वेळी त्या रस्त्यावर मोटारीलाही हे जमत नाही.

हे कसे साधते, याचा शोध घेण्यासाठी संशोधकांनी प्राँगहॉर्नला चढ दिलेल्या ट्रेडमिलवर पळवले आणि तो किती प्राणवायू वापरतो हे मोजले. त्याचे निष्कर्ष १९९१ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. शरीराच्या दर किलो वजनामागे मिनिटाला सुमारे ३०० मिलिलिटर प्राणवायू. धडधाकट तरुण माणसात हा आकडा ४० ते ५० असतो, अव्वल मॅरेथॉनपटूत ८०च्या घरात जातो. प्राँगहॉर्नच्याच वजनाच्या बकरीत तो साधारण पाचपट कमी निघाला. त्यामागे एखादी जादूची युक्ती सापडली नाही. मोठी फुप्फुसे, दमदार हृदय, रक्तात जास्त हिमोग्लोबिन, स्नायूंत ऊर्जा तयार करणाऱ्या पेशीघटकांची दाटी, असे प्रत्येक गोष्टीत थोडे थोडे अधिक होते आणि त्या सगळ्याची बेरीज मोठी होती.

शिकारी गेला, वेग राहिला

प्राँगहॉर्नच्या मागे आज लांडगे आणि कायोटी लागतात. त्यांच्यापैकी कोणीही त्याच्या वेगाच्या आसपास पोहोचत नाही. मग हा जादा वेग कशासाठी? अमेरिकी जीवशास्त्रज्ञ जॉन बायर्स यांनी मांडलेले उत्तर असे, की हा वेग आज नसलेल्या शिकाऱ्यांसाठी आहे. हिमयुगाच्या अखेरीपर्यंत अमेरिकेत चित्त्यासारखी वेगवान मार्जारे होती. ती नामशेष झाली. त्यांच्यापासून वाचण्यासाठी घडलेले पाय मात्र तसेच राहिले.

महाराष्ट्राच्या माळावर ही गोष्ट फार जुनी नाही. इथला चित्ता हा काळवीट आणि चिंकाऱ्याचा खरा प्रतिस्पर्धी होता. त्याला माणसाळवून त्याच्याकरवी काळविटाची शिकार करण्याची पद्धत मोगलांच्या आधीपासून होती. महाराष्ट्रात ती विसाव्या शतकात सर्वाधिक नावाजली कोल्हापूर संस्थानात. भारतातले चित्ते दुर्मीळ झाल्यावर या शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते आणले जात. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीतून कळपाच्या जवळ नेत. बैलगाडीला काळवीट बुजत नसे. योग्य अंतरावर टोपी काढून चित्ता सोडला जाई. पुढचा खेळ काही सेकंदांचा. काही शे मीटरांत चित्त्याने काळवीट गाठले तर गाठले, नाहीतर तो थांबून जाई.

१९४७ मध्ये कोरिया संस्थानच्या राजाने तीन चित्ते मारले. भारतातील चित्त्याची ती शेवटची खात्रीची नोंद मानली जाते. १९५२ मध्ये तो नामशेष झाल्याचे जाहीर झाले. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आलेले आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत सोडण्यात आले, पण पुण्या-नगर-सोलापूरच्या माळावर चित्ता परतलेला नाही.

या शिकारीतून एक गोष्ट नीट दिसते. चित्त्याचा पाठलाग तीव्र असतो आणि लगेच संपतो. हरीण एकतर मरते किंवा मिनिटाभरात सुटते. सुटल्यावर ते थांबते, धापा टाकते, अंग थंड करते. त्याच्या शरीराची सगळी व्यवस्था अशा छोट्या, जीवघेण्या धावेसाठी आहे. पुढे जे बिघडते ते पाठलाग लांबल्यामुळे.

माणसाची शिकार: वेग नव्हे, वेळ

पाठलाग लांबवणारा एक शिकारी पूर्वीही होता. तो म्हणजे माणूस.

माळावरच्या माणसाचे आणि काळविटाचे नाते किती जुने आहे, याचा पुरावा याच भागात सापडतो. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८पासून पुढे अनेक वर्षे उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली ती शेतकऱ्यांची वसाहत. तिथे गाय-बैल, शेळ्या-मेंढ्यांच्या हाडांबरोबर काळविटासारख्या रानटी प्राण्यांचीही हाडे मिळाली. वसाहतीच्या शेवटच्या टप्प्यात हवामान कोरडे होत गेले, शेती खालावली आणि लोक पुन्हा शिकारीवर अधिक अवलंबून राहू लागले, असे पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी मांडले. पुढच्या काळात फासेपारध्यांनी फासे लावण्याची कला इतकी बारीक केली की जमातीला नावच त्यावरून मिळाले. प्राण्याच्या वाटा आणि सवयी ओळखून आधीच दबा धरायचा, अशी ती पद्धत.

आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटात मात्र सान लोकांची एक वेगळी पद्धत लुई लीबेनबर्ग यांनी नोंदवली. भर दुपारी, पारा चाळिशीच्या आसपास असताना, शिकारी पायी कुरंगाच्या मागे लागतात. कुरंग वेगाने दूर जाते आणि सावलीला थांबते. शिकारी पायांच्या खुणांवरून तिथे पोहोचतात आणि त्याला पुन्हा उठवतात. हे दोन ते पाच तास चालते. शेवटी कुरंग उभे राहते ते हलतच नाही.

यात माणूस जिंकतो तो घामाच्या जोरावर. उघड्या कातडीवरून तासाला लिटरभर किंवा त्याहून अधिक घाम वाहू शकतो आणि धावता धावताच अंग थंड होत राहते. चार पायांच्या प्राण्याला उष्णता बाहेर टाकण्यासाठी मुख्यतः धापेवर अवलंबून राहावे लागते, आणि चौखूर उधळताना श्वास पावलांच्या तालाशी बांधलेला असतो. मनासारखी धाप टाकायला त्याला थांबावे लागते.

निसर्गाने कुरंगांना यावर एक तोड दिली आहे. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांचे मेंदूच्या तळाशी एक जाळे होते आणि नाकाकडून आलेले थंड रक्त त्याला गारवा देते. चिंकाऱ्याचा आफ्रिकी भाऊबंद असलेल्या थॉमसन गझेलवर १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, पळणाऱ्या प्राण्याचे शरीर तापले तरी मेंदू त्याहून अडीच-तीन अंशांनी थंड राहत असल्याचे दिसले. पण हे संरक्षण मेंदूपुरते आहे. पायांचे स्नायू तापतच राहतात.

स्नायू फुटतो तेव्हा

लांबलेल्या पाठलागात स्नायूंना लागणारा प्राणवायू पुरत नाही. मग प्राणवायूवाचून ऊर्जा तयार केली जाते आणि त्यातून लॅक्टिक आम्ल साचते. भीतीमुळे ॲड्रेनलिनचा पूर आलेला असतो, शरीराचे तापमान वाढलेले असते. या तिन्हींचा मारा एकत्र झाला की स्नायूंच्या पेशींची आवरणे फुटू लागतात. आतला माल रक्तात उतरतो.

त्यातल्या दोन गोष्टी घातक. पहिली पोटॅशियम. रक्तात ते अचानक वाढले की हृदयाचा ताल बिघडतो. प्राणी उभ्या उभ्या कोसळू शकतो. दुसरी मायोग्लोबिन, म्हणजे स्नायूंना लाल रंग देणारे प्रथिन. ते मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नळ्यांत अडकते आणि मूत्रपिंड निकामी करते. म्हणूनच काही प्राणी मिनिटांत मरतात, काही तासांत, तर काही वरून बरे दिसूनही कित्येक दिवसांनी. पशुवैद्यक याला ‘कॅप्चर मायोपथी’ म्हणतात: पकडल्यामुळे होणारा स्नायूविकार. तो एकदा पूर्ण उलगडला की उपचारांना फारसे यश येत नाही. खरा उपाय तो होऊ न देणे हाच.

यात धावणे हा केवळ एक घटक आहे. पाय बांधून ठेवलेले, गर्दीने वेढलेले, टेम्पोतून नेले जाणारे हरीण एक पाऊलही पळत नसले तरी त्याचे स्नायू ताठलेले असतात आणि भीती उतरलेली नसते. कुत्र्यांपासून सुटका झाली तेव्हा पाठलाग संपला, असे माणसाला वाटते. हरणाच्या शरीरात तो चालूच असतो.

हाच विकार माणसात

माणसात स्नायू फुटण्याच्या या विकाराला ‘ऱ्हॅब्डोमायोलिसिस’ म्हणतात. त्याची ओळख ठळकपणे झाली ती दुसऱ्या महायुद्धात. लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली हात-पाय चेंगरलेली माणसे बाहेर काढल्यावर सुरुवातीला ठीक वाटत आणि काही दिवसांत मूत्रपिंड बंद पडून दगावत. १९४१ मध्ये बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी याचे वर्णन प्रसिद्ध केले. वर ठीक, आत बिघाड, हे चित्र चिंकाऱ्यासारखेच.

चेंगरण्याशिवाय अतिश्रमानेही हे होते. सवय नसताना पहिल्याच दिवशी जिममध्ये जीव तोडून केलेला व्यायाम, पोलीस भरतीसाठी एप्रिल-मेच्या उन्हात अचानक वाढवलेली धाव, भट्टीजवळ किंवा तापलेल्या पत्र्याखाली पाणी न पिता केलेले अंगमेहनतीचे काम, ही नेहमीची कारणे. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात या तिन्ही गोष्टी अपरिचित नाहीत. व्यायामानंतरची साधी अंगदुखी दोन-तीन दिवसांत ओसरते. स्नायू असह्य दुखणे, सुजणे, हातपायांतली ताकद जाणे आणि लघवी काळ्या चहासारखी किंवा कोलासारखी होणे, ही मात्र धोक्याची खूण आहे. अशा वेळी वेदनाशामक गोळी घेऊन झोपून राहणे महागात पडते. काही वेदनाशामके मूत्रपिंडावर आणखी ताण आणतात. रुग्णालयात रक्तातील क्रिएटिन कायनेजची तपासणी केली की निदान होते आणि वेळेत शिरेतून द्रव दिले तर बहुतेकांची मूत्रपिंडे वाचतात.

माणसाला ‘दुखतेय’ असे सांगता येते आणि थांबताही येते. हरणाला थांबणे परवडत नाही.

न संपणारा पाठलाग

माळावर आज चित्ता नसला तरी लांडगा आहे. तोही चिंकाऱ्यामागे धावतो. पण लांडग्याला हिशेब करावा लागतो. प्रत्येक फसलेली धाव त्याच्या पोटातून वजा होते, म्हणून शिकार हाती येत नाही असे दिसले की तो सोडून देतो. मोकाट कुत्र्याला हा हिशेब नाही. त्याचे पोट वस्तीच्या, ढाब्याच्या, उपाहारगृहाच्या उकिरड्यावर भरलेले असते. तो भूक नसतानाही धावतो, टोळीने धावतो, आणि उद्या पुन्हा धावू शकतो. भारतात मोकाट कुत्र्यांनी हल्ला केलेल्या वन्यप्राण्यांचे देशव्यापी सर्वेक्षण चंद्रिमा होम, अबी वनक आणि यशवीर भटनागर यांनी केले. त्यात तब्बल ८० प्रजातींची नोंद झाली. उघड्यावर टाकलेल्या उरल्यासुरल्या अन्नाचा आणि माळावर मेलेल्या हरणाचा संबंध असा जोडला जातो.

दुसरा पाठलाग मोटारसायकलचा आणि जीपचा. बहुतेक वेळा तो फोटो किंवा चित्रफितीसाठी असतो. मारण्याचा हेतू नसतो. हरणाच्या शरीराला हेतू कळत नाही. इंजिन दमत नाही, म्हणून त्यामागचे हरीण थांबू शकत नाही.

तिसरी अडचण जमिनीची. माळाची सरकारी ओळख वर्षानुवर्षे ‘पडीक जमीन’ अशीच राहिली. त्यावर कुंपणे पडली, भूखंड पडले, खड्डे खणून झाडे लावली गेली. पळण्यासाठी घडलेल्या प्राण्याला पळायला सरळ मैदान उरले नाही, की तारेत अडकणे आणि पुन्हा पुन्हा दिशा बदलणे आले. मग छोटी धावही लांबते.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२मध्ये चिंकारा आणि काळवीट दोघेही पहिल्या अनुसूचीत आहेत. कायद्यातली ‘शिकार’ची व्याख्या अनेकांना वाटते त्यापेक्षा रुंद आहे. प्राण्याला मारणे एवढाच तिचा अर्थ नाही. पकडणे, फासा लावणे, पाठलाग करून हाकणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे हेही तिच्यात येते. शिक्षा तीन ते सात वर्षे कैद आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर किमान २५ हजार रुपये दंड.

काय करावे, काय टाळावे

चरणारे हरीण मान वर करून एकटक पाहू लागले किंवा खूर आपटू लागले, तर माणूस त्याच्या सहनशीलतेच्या हद्दीला पोहोचला असे समजावे. तिथेच थांबावे. गाडी रस्त्यावरच ठेवावी, इंजिन बंद करावे. अनेकदा ते पुन्हा चरू लागते.

कुत्री मागे लागली असतील तर कुत्र्यांना हुसकावावे; हरणाला अडवू किंवा पकडू नये. पळण्याइतके बळ असेल तर त्याला जाऊ देणे सर्वांत चांगले.

हरीण पडलेले किंवा अडकलेले असेल तर वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवावे. मदत येईपर्यंत ते सावलीत राहील असे पाहावे, डोळ्यांवर नाक मोकळे ठेवून हलके कापड टाकावे, गर्दी हटवावी, बोलणे बंद ठेवावे. अंधार आणि शांतता हेच या वेळचे औषध. तोंडात पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. मांडीवर घेऊन गोंजारणे, मुलांना दाखवणे, सेल्फी काढणे हे सगळे त्याच्या दृष्टीने शिकाऱ्याच्या तावडीत असणेच आहे.

कुत्र्याने चावलेल्या हरणाला हात लावलेल्यांनी स्वतःचीही काळजी घ्यावी. रेबीज कोणत्याही सस्तन प्राण्याला होऊ शकतो. अशा हरणाची लाळ जखमेवर, ओरखड्यावर किंवा डोळ्या-तोंडात गेली असेल तर ती जागा वाहत्या पाण्याने भरपूर धुवावी. जखम साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडून लसीबाबत सल्ला घ्यावा.

उन्हाळ्यात सुट्टीच्या दिवशी पिंपरी-चिंचवडहून सुपे, कडबनवाडीच्या माळाकडे जाणाऱ्या गाड्या वाढतात. चिंकारा पाहायला जाणाऱ्यांसाठी दुर्बीण हे सर्वांत उपयोगी साधन. दुर्बिणीतून दिसणारा चिंकारा चरत असतो, पिलाला चाटत असतो, सावलीत रवंथ करत असतो. जवळ गेल्यावर दिसते ती फक्त त्याची पळती पाठ.